‘इंडाल’च्या पांढऱ्या पावडरीबद्दल फिरणारा तो मेसेज

गणपतीच्या आधीपासून बेळगावजवळच्या काकती, कडोली, कंग्राळीकडच्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला, त्यात एकदा सख्ख्या मामांकडून. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘आपल्या डोंगरातली माती यमनापूरच्या इंडालमध्ये नेतात. एक ट्रक मातीतून एक ट्रक अ‍ॅल्युमिनियम निघतं. भट्टी बंद आहे म्हणजे कंपनी बंदच आहे, आत नुसती पांढरी पावडर करतात. तिचा कशाला उपयोग नाही, म्हणून ती मैद्यात मिसळतात. माल कॅनडाचे मालक नेतात आणि किरणोत्सारी लाल चिखल आपल्याला ठेवतात. पुढे पाठवा.’

मी पुढे पाठवला नाही. उद्यमबागेत वीस-बावीस वर्षं छोटं वर्कशॉप चालवतोय, ती पावडर आणि तिच्यापासून झालेल्या वस्तू रोज हाताखालून जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मालकीचं आधी उरकून टाकू. इंडाल म्हणजे इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनी. ती 1938 ची, आणि तिच्यात मोठा वाटा कॅनडाच्या अल्कनचा होता हे खरंच आहे. बेळगावचा कारखाना 1969-70 च्या सुमारास सुरू झाला तो त्याच काळात. पण 2000 साली अल्कनने आपला वाटा बिर्लांच्या हिंडाल्कोला विकला. म्हणजे मेसेज पाव शतक मागे आहे. आपणही अजून ‘इंडाल’च म्हणतो, पण ती जिभेची सवय झाली, सातबारा नव्हे.

‘एक ट्रक मातीतून एक ट्रक अ‍ॅल्युमिनियम.’ एकाच मेसेजात भट्टी बंद आहे आणि अ‍ॅल्युमिनियमही निघतंय, ही कमाल आहे. तरी हिशेब करू. माती म्हणजे बॉक्साइट. राधानगरीतल्या दुर्गमानवाडीचा आणि चंदगडातल्या कासारसड्याचा सडा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, वर काळपट-तांबडा जांभा आणि मध्येमध्ये फिकट थर. काळ्या कातळावर लाखो वर्षं पाऊस कोसळला, विरघळण्यासारखं ते वाहून गेलं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. अशा चार-पाच टन बॉक्साइटमधून साधारण दोन टन पांढरा ऑक्साइड, म्हणजे अ‍ॅल्युमिना मिळतो, आणि दोन टन अ‍ॅल्युमिनातून एक टन धातू. चार-पाच ट्रक गेले तर एक ट्रक, तेही धातूची भट्टी असेल तर.

भट्टी नाही, हे मेसेजात बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला आहे. अ‍ॅल्युमिन्यातून धातू काढायचा तर त्यातून वीज सोडावी लागते, आणि एका टनाला सुमारे 14,000 युनिट लागतात. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची ही जवळपास बारा वर्षांची वीज झाली. बेळगावात धातूची भट्टी होती, ती विजेपायी परवडेना म्हणून थंड झाली. पण भट्टीच्या अलीकडचा अर्धा कारखाना चालूच राहिला. लोकांच्या डोक्यात अ‍ॅल्युमिनियम म्हणजे पातेलं. पातेलं बंद म्हणजे कंपनी बंद. प्रत्यक्षात धातूचा कारखाना रसायनाचा कारखाना झाला, एवढंच.

ही पद्धत मुळात रसायनाचीच होती, हे मला फार आवडतं. 1888 साली कार्ल योसेफ बायर नावाच्या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने रशियात काम करताना तिचं पेटंट घेतलं, ते पातेल्यांसाठी नव्हे. त्याला कापडाच्या रंगाऱ्यांसाठी अ‍ॅल्युमिना हवा होता, सुतावर रंग पक्का बसावा म्हणून. आपल्या वडगाव-खासबागेतल्या विणकरांच्या घरी जुन्या माणसांना विचारा, तुरटी कशाला लागायची. त्याच जातीचं काम.

पद्धत अशी. बॉक्साइट दळून गरम, दाबाखालच्या कॉस्टिक सोड्यात घालतात. अ‍ॅल्युमिना त्यात विरघळतो, लोखंड विरघळत नाही. ते खाली बसतं, तो लाल चिखल. वरचं स्वच्छ द्रावण थंड करून त्यात तयार हायड्रेटचा, म्हणजे मेसेजातल्या त्या पांढऱ्या पावडरीचाच, बारीक दाणा सोडतात, आणि पुढचे कितीतरी तास त्या दाण्यावर नवे थर चढत राहतात. आपल्याकडच्या साखर कारखान्यात काम केलेल्याला हे समजवावं लागत नाही. पॅनमध्ये साखरेचा दाणा सोडतात आणि त्यावर साखर वाढते, तसंच. उरलेला कॉस्टिक पुन्हा पहिल्या टाकीत जातो.

‘पावडरीचा कशाला उपयोग नाही.’ इथे मात्र मला राग आला. हा हायड्रेट गंधकाच्या तेजाबात घातला की तुरटी होते. शहरांचं नळाचं पाणी निवळायला टाकतात ती याच कुळातली. बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचं पावसाळी पाणी नळाला गढूळ का येत नाही, याचं उत्तर अशाच गोणीत आहे. विजेच्या केबलच्या आवरणात हायड्रेट घालतात, आग लागली तर केबल भडकू नये म्हणून. तोच हायड्रेट हजारभर अंशांवर भाजला की कॅल्साइन्ड अ‍ॅल्युमिना होतो, आणि त्याचं अंगच बदलतं. 2,000 अंशांनाही तो वितळत नाही. गाडीचा स्पार्क प्लग काढून बघा, तो पांढरा चिनी मातीसारखा भाग अ‍ॅल्युमिन्याचाच. भट्टीच्या अस्तरातल्या हाय-अ‍ॅल्युमिना विटा, ग्राइंडिंगचं चाक, पॉलिशची पेस्ट, सगळीकडे तो. माणिक आणि नीलम हेही तेच रसायन, फक्त किंचित दुसरा धातू मिसळलेला. गिऱ्हाईक जितकं वेगळं तितका दाणा वेगळा: केबलवाल्याला बारीक हवा, सिरॅमिकवाल्याला सोडियम कमी हवं. धंद्यात याला ‘स्पेशालिटी’ माल म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे केलेला. टनावर विकायचा धंदा वेगळा आणि दाण्यावर विकायचा वेगळा.

आता लाल चिखल. इथे मी मेसेज लिहिणाऱ्याशी निम्मा सहमत आहे, पण त्याने शब्द चुकीचा धरला. बॉक्साइटमध्ये युरेनियम-थोरियमचा नैसर्गिक अंश असतो आणि अ‍ॅल्युमिना काढून घेतल्यावर तो चिखलात थोडा गोळा होतो, त्यामुळे विटांत वापरायचा तर तपासून घ्यावा लागतो. थोडाफार अंश ग्रॅनाइटच्या फरशीतही असतो. खरा त्रास त्याचा नाही, चिखलात राहून गेलेल्या कॉस्टिकचा आहे. 4 ऑक्टोबर 2010 ला हंगेरीत अइका गावाजवळ लाल चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला. दहा माणसं गेली आणि कित्येकांची कातडी भाजली, ती त्या कॉस्टिकने. आपल्या देशातही एप्रिल 2019 मध्ये झारखंडच्या मुरीला हिंडाल्कोच्याच चिखलाचा ढीग कोसळला होता. तेव्हा काळजी करणाऱ्याला वेड्यात काढू नये.

बेळगावात हा चिखल तळ्यात पातळ सोडण्याऐवजी पाणी काढून सुका रचतात, आणि त्यातल्या लोखंडासाठी सिमेंटवाले तो घेतात. आपल्या तीन रिफायनऱ्यांतला सगळा लाल चिखल वापरात जातो, असं कंपनीने 2020 मध्ये जाहीर केलं, त्यात बेळगावही होतं. हा आकडा कंपनीचा आहे हे लक्षात ठेवूनही मी त्याला चांगलीच गोष्ट म्हणेन. मात्र आजचा चिखल उचलला म्हणजे कालचाही उचलला असं होत नाही. ज्यांच्या विहिरी त्या बाजूला आहेत त्यांनी ‘किरणोत्सारी’ म्हणून ओरडण्यापेक्षा पाण्याचा पीएच (आम्ल-क्षाराचं माप) आणि सोडियम मागावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पहिल्या पावसानंतर. हे आकडे प्रयोगशाळेत मोजून मिळतात. शिवाय ‘किरणोत्सारी’ म्हटलं की पंचायतीतला साहेब हसून फाइल बंद करतो, पीएच म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

राहिला मैदा. मामांसाठी हे करून पाहिलं. हायड्रेटची मूठभर पावडर वाटीतल्या पाण्यात टाकली. दोन मिनिटांत खाली बसली आणि बोटाला वाळूसारखी लागली. मळून बघितली तर गोळा धरेना. अशी पोळी पहिल्याच घासाला दाताखाली करकरेल. भेसळ करणारा इतका मूर्ख नसतो.

मग हात शिवशिवले म्हणून दहा ग्रॅम सोनाराच्या काट्यावर मोजून लोखंडी पळीत घेतली आणि गॅसवर धरली. थोड्या वेळाने पावडर उकळल्यासारखी नाचायला लागली. वर थंड स्टीलची ताटली धरली तर तिच्यावर दव. कोरडी ठणठणीत पावडर, पण वजनाने एक तृतीयांशाहून जास्त पाणीच बांधून बसलेली, म्हणून तर केबल भडकू देत नाही. निवल्यावर पुन्हा काट्यावर टाकली, सातच्या जरा खाली भरली. व्हिडिओ मामांना पाठवला.

आई दारात उभी होती. “काय करूलालास रे गॅसवर?”

सांगितलं.

“बरं. ती पळी आता तुझ्या वर्कशॉपातच ठेव, फोडणीला दुसरी आण.”