गॅसची गोळी म्हणजे आतड्यांचं कवच नाही, आणि अ‍ॅस्पिरिनला सुट्टी तर अजिबात नको

परवा रात्री मावशीचा फोन. "अगं, मग उद्यापासून आठ दिवस ती रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवू ना? ग्रुपवर आलंय." चारच महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलाय. ऐकून माझे हातपायच गळाले.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. पेनकिलर आणि ब्लड थिनरपासून आतडी वाचवायचे पाच उपाय त्यात दिलेत: महिन्यातून आठ दिवस ब्लड थिनर बंद ठेवा, पेनकिलरआधी गॅसची गोळी घ्या म्हणजे पोट-आतडी दोन्ही सुरक्षित, गोळीऐवजी इंजेक्शन घ्या, वर चमचाभर तूप खा, आणि पोट दुखत नसेल तर आत जखम नाही असं समजा.

पहिला उपाय जिवावर बेतणारा आहे. अ‍ॅस्पिरिन, म्हणजे मावशीची ती रक्त पातळ करायची गोळी, रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना, प्लेटलेटना, एकमेकींना चिकटू देत नाही. एका प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. म्हणजे आठ दिवस गोळी बंद ठेवली की बहुतेक प्लेटलेट नव्या येतात, गोळीचा परिणाम न झालेल्या. नव्या स्टेंटमध्ये गुठळी व्हायला एवढं पुरतं, आणि ती झाली की थेट हार्ट अटॅक. आतड्यांना विश्रांती द्यायच्या नावाखाली हे करायचं? ही गोळी थांबवायची की नाही, हे फक्त तुमचे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. काळी शी दिसली, म्हणजे आत रक्त जात असल्याची शंका आली, तरीसुद्धा आधी त्यांना फोन करा, किंवा सरळ दवाखाना गाठा.

गॅसच्या गोळीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या जठराला आणि त्याच्या लगेच पुढच्या भागाला खरंच वाचवतात. वय झालेलं असेल, अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर डॉक्टर त्या मुद्दाम देतात. त्या बंद करू नका. पण त्या अ‍ॅसिड कमी करतात, आणि खाली लहान आतड्यात त्रास अ‍ॅसिडमुळे होतच नाही. तिथे पित्त आणि जंतू काम बिघडवतात. २००५ साली एका अभ्यासात धडधाकट माणसांना दोन आठवडे नॅप्रोक्सेन ही पेनकिलर आणि सोबत ओमेप्राझोल दिलं, मग कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळायला लावून आतडं तपासलं. ५५ टक्के लोकांच्या लहान आतड्यात बारीक जखमा निघाल्या. ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यात ७ टक्के. म्हणजे रोज गॅसची गोळी घेऊनही निम्म्याहून जास्त लोकांची आतडी सोलवटली, तीही दोन आठवड्यांत.

इंजेक्शननेही सुटका नाही. डायक्लोफिनॅक हे पेनकिलर कुठूनही घ्या, ते रक्तातून यकृतात जातं आणि पित्तातून परत आतड्यातच उतरतं. शिवाय आतड्याचं आतलं अस्तर जपणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ शरीरभर कमी होतात ते वेगळंच. तुपाबद्दल काय बोलायचं, आवडत असेल तर भातावर घ्या.

दुखत नाही म्हणजे जखम नाही, हेही चूक. या जखमा बहुधा गप्पच असतात. रक्त थेंबथेंब जात राहतं, माणूस जिना चढताना धापा टाकतो आणि घरचे म्हणतात वय झालं.

आतडी वाचवायची असतील तर पेनकिलर कमी करा. गुडघ्याला आधी पॅरासिटॅमॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, वरून लावायचं जेल, व्यायाम. दोन पेनकिलर एकत्र घेऊ नका. 'अंगदुखीच्या' जोडगोळ्यांत बऱ्याचदा आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतंच, तेव्हा स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा.

काल मावशीची स्टीलची डबी पलंगावर उपडी केली. त्यात डायक्लोफिनॅकच्या तीन स्ट्रिप निघाल्या, एक शेजारणीने दिलेली. तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि तिन्ही बाहेर काढल्या. अ‍ॅस्पिरिन जागच्या जागी ठेवली. उद्या सकाळी तिला हिमोग्लोबिन तपासायला घेऊन जातेय.