लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी? एका दाव्याचा प्रतिवाद

‘लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे, ते फक्त कर्करोगाच्या पेशी मारते, त्याचे कोणतेही दुष्परिणाम नाहीत आणि औषध कंपन्यांनी हे संशोधन दडपून ठेवले आहे,’ अशा आशयाचा संदेश वर्षानुवर्षे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे तिथे तो हमखास पोहोचतो, म्हणूनच त्यातील एकेक विधान तपासायला हवे.

दहा हजार हा आकडा कुणाच्या मनातून आलेला नाही. 1996 साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी लक्ष्मणफळाच्या (इंग्रजीत सोरसॉप) बियांमधून सिस-अ‍ॅनोनासिन नावाचे संयुग वेगळे काढले आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचटी-29 या पेशींवर ते अ‍ॅड्रिअ‍ॅमायसिन या केमोथेरपीच्या औषधाच्या दहा हजार पट तीव्र असल्याचे नोंदवले. याचा अर्थ एवढाच, की काचेच्या भांड्यातील त्या पेशी मारायला या संयुगाची फार थोडी मात्रा पुरली. फळाचा गर किंवा पानांचा काढा घेऊन माणूस बरा होतो की नाही, याची ती चाचणीच नव्हती. भांड्यात यकृत नसते, रक्ताभिसरण नसते, मेंदू नसतो. पोटात गेलेल्या संयुगापैकी किती भाग गाठीपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शिवाय मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर अ‍ॅड्रिअ‍ॅमायसिन हे नेहमीचे औषधच नाही. त्या पेशींवरची एक तुलना समग्र केमोथेरपीवर लादणे ही वाचकाची सरळ दिशाभूल आहे.

‘फक्त कर्करोगाच्या पेशी मारते’ हे विधान मला सर्वांत धोकादायक वाटते. अ‍ॅनोनासिनच्या कुळातील संयुगे (वरचे सिस-अ‍ॅनोनासिन त्यांपैकीच) पेशीतील तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) ऊर्जानिर्मितीची पहिली पायरी रोखतात, आणि ही पायरी निरोगी पेशींतही असते. ऊर्जेची सतत गरज असलेल्या चेतापेशींना तर तिच्यातील अडथळा विशेष बाधतो. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावर कंपवातासारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विकाराचे प्रमाण असामान्य असल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले, आणि त्या रुग्णांमध्ये हे फळ व त्याच्या पानांचा चहा नियमित घेणारे पुष्कळ होते. 2004 मध्ये उंदरांना 28 दिवस शिरेवाटे अ‍ॅनोनासिन दिल्यावर त्यांच्या मेंदूतील चेतापेशींचा ऱ्हास दिसला. माणसातील कार्यकारणसंबंध अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही ‘दुष्परिणाम शून्य’ असे म्हणण्याला आधार उरत नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना याची जाण आहेच. दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला घालतात तो किडी मारण्यासाठी, आणि उवांसाठी सीताफळाच्या बिया वाटून डोक्याला लावताना तो लेप डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. सीताफळ आणि लक्ष्मणफळ एकाच वंशातील (जीनस) भावंडे असून या संयुगांचे कूळ दोघांतही आढळते.

दडपल्याचा आरोप तर टिकतच नाही, कारण हे सारे संशोधन नियतकालिकांत छापलेले आहे. वनस्पतींतून मिळालेली औषधे कंपन्या आनंदाने विकतात: सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचे औषध आले. 1966 साली एका चिनी वृक्षातून मिळालेले कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही आहे. त्याच्या पहिल्या मानवी चाचण्या तीव्र विषारीपणामुळे थांबवाव्या लागल्या, रेणूत बदल करावे लागले, आणि 1996 मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, त्यापासून बनलेल्या आयरिनोटेकनला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्रा, शोषण आणि विषाक्तता तपासणारी ही वाट लक्ष्मणफळाने अद्याप पूर्ण केलेली नाही.

बाजारात पानांची पूड मिळते, तिच्याबाबत एक वेगळी अडचण आहे. लक्ष्मणफळ, रामफळ आणि हनुमानफळ ही नावे ठिकठिकाणी एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि पूड झाल्यावर झाड नजरेने ओळखता येत नाही. डीएनए बारकोडिंगने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून, वनस्पती कोणती हे कळू शकते. मात्र त्या पुडीत अ‍ॅनोनासिन किती आहे हे कळायला स्वतंत्र रासायनिक पृथक्करण लागते. पिकलेल्या फळाचा गर कधीमधी खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो रोजच्या काढ्याला, आणि त्यापायी सुरू असलेला उपचार सोडण्याला; कुणी असा काढा घेत असेल तर त्याने तो लपवू नये, आपल्या कर्करोगतज्ज्ञाला पुढच्या भेटीतच सांगावा.