कोरोना घरीच बरा झाला म्हणून थकवा खोटा ठरत नाही

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "कोरोना घरच्या घरी बरा झाला, तर मागाहून काही होत नाही. रिपोर्ट नॉर्मल असेल तर थकवा मनाचा. कोकणी माणसाने पाखाडी चढावी, घाम गाळावा, सगळं जातं."

पहिलं वाक्यच चूक. नॉर्वेतल्या बर्गेन या बंदराच्या शहरात पहिल्या लाटेतल्या रुग्णांची सहा महिन्यांनी पाहणी झाली. घरीच राहिलेल्या १६ ते ३० वयाच्या ६१ जणांपैकी ३२ जणांना तेव्हाही त्रास होता: वास-चव गेलेली, थकवा, दम, लक्ष न लागणं. गट लहान होता, म्हणून हे प्रमाण सगळ्यांना लावू नये. पण "काही होत नाही" हे यापुढे टिकत नाही. कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या या त्रासाला 'लाँग कोविड' म्हणतात; जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेल्या त्याच्या व्याख्येतही इस्पितळात दाखल होण्याची अट नाही.

रिपोर्ट नॉर्मल? ईसीजी आडवं झोपवून काढतात. काहींची नाडी उभं राहिल्यावर दहा मिनिटांत मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढते. ते त्या कागदावर कसं दिसणार? झोपून आणि मग उभं करून नाडी मोजायला डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात घातक आहे तो घाम गाळायचा सल्ला. या आजारात अनेकांना श्रमाचा फटका उशिरा बसतो. माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार केला, त्या दिवशी निभावलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग उचलत नाही, डोकं चालत नाही. मधे दिवस गेल्यामुळे कारण लक्षातच येत नाही, आणि घरचे म्हणतात, काल तर बरी होतीस! अशा माणसाला जबरदस्तीने चालवलं तर दुखणं वाढतं. काम तुकड्यांत करायचं, दमायच्या आधी बसायचं. हातावर पोट असलेल्याला हे कठीण आहे, मान्य. म्हणूनच घरच्यांनी ओझं वाटून घ्यायला हवं.

मात्र प्रत्येक थकवा कोरोनाचाच, असंही धरू नका. पंडुरोग, थायरॉइड, मधुमेह आधी तपासून घ्या. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी फुकट होते.