रॉस्किल्ड एका ओळीत उरकू नका

कोपनहेगनहून एका दिवसात होणाऱ्या सहली सांगताना तुमच्या लेखात क्रोनबोर्ग किल्ला आणि स्वीडनमधल्या माल्मोला भरपूर जागा दिलीय, ते योग्यच. पण रॉस्किल्ड हे डेन्मार्कमधलं गाव एका ओळीत उरकलंय, त्याची फार रुखरुख लागली.

रेल्वेने जेमतेम अर्धा तास. तिथल्या विटांच्या कॅथेड्रलमध्ये डेन्मार्कचे जवळपास ४० राजे-राण्या चिरनिद्रा घेतायत. आईला मात्र आवडला तो एक दगडी खांब. त्यावर राजेरजवाड्यांच्या उंचीच्या खुणा आहेत, रशियाच्या पीटर द ग्रेटचीसुद्धा! घरी दाराच्या चौकटीवर आमची उंची पेन्सिलीने मांडायची तिची सवय, त्यामुळे ती तिथून हलेचना.

मग उतारावरून चालत फ्योर्डकडे, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकडे जा. ११व्या शतकात शत्रूची वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली पाच व्हायकिंग जहाजं १९६२मध्ये इथून जवळच पाण्यातून काढली. त्यातल्या एकाचं ओक लाकूड डब्लिनकडचं, १०४२च्या सुमाराचं, हे लाकडातल्या वर्षवलयांवरून कळलं! फ्योर्डकाठच्या कारखान्यात आजही कुऱ्हाडीने फळ्या तासून तशीच जहाजं बांधतात. डांबराचा वास, पायाखाली ढलप्या. माझा मुलगा तासभर बघत उभा होता.

शक्यतो उन्हाळ्यात जा, आणि अख्खा दिवस ठेवा.