प्रतिकारशक्ती ‘वाढवली’ की मेलॅनोमा आटोक्यात येतो का?

नमस्कार. रोगप्रतिकारक पेशीच कधीकधी त्वचेच्या कॅन्सरला हातभार लावतात असं लिहून मी लोकांना घाबरवतो, प्रतिकारशक्ती वाढवा एवढंच सांगायला हवं होतं, असा तुमचा आक्षेप आहे. ताईंच्या तळपायावर काळा डाग आलाय आणि त्या गुळवेलीचा काढा घेताहेत, हेही तुम्ही लिहिलंत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या पेशी पहारा देतात, यात वाद नाही. किडनी बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, आणि गोऱ्या कातडीच्या अशा रुग्णांत स्क्वॅमस सेल कॅन्सर (त्वचेच्या कॅन्सरचाच एक प्रकार) कितीतरी पटींनी जास्त आढळतो.

पण मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरच्या, गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काही गाठींत लिम्फोसाइटचे (टी पेशी ज्यांत मोडतात त्या रोगप्रतिकारक पेशींचे) गडद निळे ठिपके पार आत शिरलेले दिसतात. अशा रुग्णांचं सहसा बरं चालतं. काहींत तेच ठिपके कडेलाच अडलेले. आत शिरलेल्या टी पेशीही लढतीलच असं नाही. त्यांच्यावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. कॅन्सरपेशीवरचं पीडी-एल१ त्याला जुळलं की टी पेशी हल्ला थांबवते. मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी तर जखम भरताना करतात तेच काम तिथे करत बसतात: नव्या रक्तवाहिन्या वाढवायच्या, दाह शमवायचा. त्यावर गाठ पोसते. मी लिहिलं ते हेच, आणि त्यावर ठाम आहे.

टी पेशींना थांबवणारे असे ब्रेक सोडवण्याच्या उपचाराचा पाया घातल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. ही औषधं येण्याआधी, म्हणजे २०११पूर्वी, पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरात दगावत. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही ब्रेक सोडवणारी दोन औषधं एकत्र दिलेल्या चाचणीत निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते! मात्र ब्रेक सुटला की याच पेशी आतडी, थायरॉइड, यकृतावरही उलटतात. काढ्याचंही तसंच. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला झालेली अशाच प्रकारची इजा नोंदवली आहे.

आपल्याकडे मेलॅनोमा कमी, पण होतो तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. त्यात जनुकीय बदल कमी, म्हणून टी पेशींना ओळखायला खुणाही कमी, आणि ही औषधंही तुलनेनं कमी लागू पडतात. तो लवकर सापडून कापून काढणं म्हणूनच फार मोलाचं.

ताईंना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. डाग वाढतोय का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, हे त्यांना सांगा. गरज वाटली तर ते बायोप्सी करतील. रिपोर्टमधलं काही कळलं नाही तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.