स्टोन्सनी ते गाणं ढापलं नव्हतं रे बाबांनो

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. "मामा, जागा आहेस का? बँडमध्ये राडा झालाय. हे वाच आणि खरं का ते सांग." खाली ती पोस्ट. तीच, जी गेल्या महिन्याभरात माझ्या तीन ग्रुपवर येऊन गेली आणि तिन्ही वेळा मी साधा अंगठाही न देता पुढे गेलो, कारण कुणाकुणाला सांगत बसणार. पण आता ती बहिणीच्या घरात शिरलीय, म्हणून बसलोय लिहायला.

ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पोस्ट म्हणते की रोलिंग स्टोन्सचा पहिला नंबर वन हिट 'आय वॉना बी युअर मॅन' हा मुळात बीटल्सचा, आणि बीटल्सचा रेकॉर्ड यायच्या आधीच स्टोन्सनी तो चोरून बाजारात आणला. डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं बीटल्सना नाकारलं होतं, त्याचा वचपा काढायला तिनं या चोरीला साथ दिली. बीटल्सची गाणी लिहिणारे लेनन आणि मॅकार्टनी बिचारे भोळे, गप्प बसले. पुढची दोन वर्षं स्टोन्स त्यांच्याच गाण्यांवर जगले आणि तेव्हापासून दोन्ही बँड एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि "खरा कलाकार स्वतःचंच गातो."

आता यावरून नाशिकच्या चार इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये राडा का व्हावा, तर त्यांच्या वर्गातल्या एका मुलीनं त्यांना एक गाणं लिहून दिलंय. शब्द तिचे, चाल तिची, ती स्वतः बँडमध्ये नाही आणि तिला स्टेजवर यायचंही नाही. भाच्याला गाणं जाम आवडलंय. पण बेस वाजवणारा म्हणतो, दुसऱ्याचं गाणं आपल्या नावानं गायचं म्हणजे चोरी, हे बघ मोठमोठे कसे पकडले गेले, आणि पुरावा म्हणून त्यानं ही पोस्ट टाकली. दोन दिवस झाले, प्रॅक्टिस बंद.

तर आधी चोरीचंच बघू, कारण पोस्टमधला सगळ्यात भिकार मुद्दा तोच आहे आणि त्याचाच त्रास झालाय.

चोरी म्हटली की ज्याचा माल गेला त्याला विचारायचं ना? लेननला विचारलं होतं. १९८० मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, त्यानं 'प्लेबॉय' मासिकासाठी डेव्हिड शेफला लांबलचक मुलाखत दिली आणि त्यात एकेका गाण्याचा हिशोब सांगितला. या गाण्याबद्दल तो जे सांगतो ते असं, की पॉल मॅकार्टनीकडे नुसता एक तुकडा होता, मुखडा म्हणा हवं तर. स्टोन्सना गाणं हवं होतं. यांनी तो तुकडा वाजवून दाखवला, ते म्हणाले चालेल, हे आमच्या स्टाइलचं आहे. मग दोघं त्याच खोलीत कोपऱ्यात गेले, बाकीचे गप्पा मारत बसलेले असताना गाणं पुरं केलं आणि परत येऊन त्यांच्या हातात दिलं. मालक स्वतः सांगतोय की मी दिलं, आणि साठ वर्षांनी इकडे कुणीतरी मोबाईलवर ठरवतंय की नाही, तुझं चोरलं!

हे घडलं १० सप्टेंबर १९६३ ला, लंडनमध्ये, ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटवरच्या स्टुडिओ ५१ नावाच्या क्लबात. (लेनन मुलाखतीत जागा रिचमंड सांगतो, पण तिथला क्लब वेगळा. सतरा वर्षांनी आठवून बोलतोय माणूस, थोडी गल्लत होणारच.) स्टोन्सची तिथे तालीम चालू होती आणि पुढचा रेकॉर्ड कुठल्या गाण्याचा करायचा तेच सुचत नव्हतं. त्यांचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम, वय वर्षं फक्त एकोणीस, वैतागून बाहेर फिरायला निघाला आणि त्याला लेनन-मॅकार्टनी टॅक्सीतून उतरताना दिसले. ओळख जुनी होती, त्याच वर्षी तो बीटल्सच्या प्रसिद्धीचं काम करून झाला होता. गेला त्यांना घेऊन तालमीला. चोर कधी मालकाला टॅक्सीपासून हाताला धरून घरी नेतो का?

आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ११ सप्टेंबरला, बीटल्सनी स्वतः तेच गाणं स्टुडिओत रेकॉर्ड करायला घेतलं, त्यांचा ड्रमर रिंगो याच्या आवाजात, कारण एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, रिंगोलाही एखादं गाणं लागायचं. स्टोन्सची तबकडी आली १ नोव्हेंबरला, बीटल्सचा 'विथ द बीटल्स' हा एलपी आला २२ नोव्हेंबरला. "आधीच बाजारात आणला" या दाव्यात खरं आहे ते एवढंच, तीन आठवड्यांचं अंतर. दोन गाण्यांची सिंगल पटकन निघते, चौदा गाण्यांच्या एलपीला वेळ लागतो, संपलं. यात चोरी कुठून आली देव जाणे.

बरं, चोरलं असतं तर नाव तरी पुसलं असतं. स्टोन्सच्या त्या तबकडीच्या लेबलवर गाण्याच्या नावाबरोबर लेनन आणि मॅकार्टनी छापलेलं आहे. त्यामुळे खपलेल्या प्रत्येक तबकडीमागे गीतकारांचा वाटा त्या दोघांना आणि त्यांच्या नॉर्दर्न साँग्ज या प्रकाशन कंपनीला जायचा. आणि तबकडीच्या मागच्या बाजूला काय होतं माहितीये? 'स्टोन्ड' नावाचा एक तुकडा, गीतकार म्हणून नॅंकर फेल्ज. असा कुणी माणूसच नाही, सगळ्या बँडनं मिळून घेतलेलं ते टोपणनाव. कारण तबकडी एकच, ती पुढच्या गाण्यासाठी विकली गेली तरी मागच्या गाण्याच्या गीतकारालाही तेवढाच वाटा मिळतो. म्हणजे हिशोब कुणाचा किती हे तेव्हा सगळ्यांना नीट कळत होतं, लेबलवर लिहिलेलं होतं, ज्याला वाचता येतं त्याला दिसत होतं.

आपल्याला खरं तर हे समजायला काहीच जड जाऊ नये. भावगीत घ्या नाहीतर सिनेमाचं गाणं, आपल्याकडे लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा वेगळा. गदिमांनी लिहिलं, बाबूजींनी चाल दिली, आशाताईंनी गायलं तर आशाताईंनी चोरलं असं म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. पण हातात गिटार आली की आपल्याच पोरांना वाटतं लिहिणं, वाजवणं, गाणं सगळं एकाच डोक्यातून आलं पाहिजे नाहीतर पाप. असो.

आता बाकीचं भराभर.

पहिला नंबर वन? पहिलाही नाही आणि नंबर वनही नाही. स्टोन्सची पहिली तबकडी जून १९६३ ची, चक बेरीचं 'कम ऑन', ती ब्रिटनमध्ये एकविसाव्या नंबरपर्यंत गेली. हे गाणं दुसरं, बाराव्यापर्यंत. पहिली तबकडी हीच असं लेननलाही मुलाखतीत वाटत होतं, तेव्हा पोस्टवाल्याला यातली निम्मी चूक माफ. नंबर वन मात्र त्यानं घरी बसून दिलेला आहे.

डेक्काचा वचपा वाचून तर मी हसायलाच लागलो. डेक्कानं बीटल्सना नाकारलं होतं हे अगदी खरं, त्याबद्दल डेक्काच्या डिक रो या माणसाची जन्मभर चेष्टा झाली. पण याच डिक रोला लिव्हरपूलमधल्या एका स्पर्धेत शेजारी परीक्षक म्हणून बसलेल्या माणसानं सांगितलं की स्टोन्स म्हणून एक बँड आहे, तो ऐक. तो परीक्षक होता जॉर्ज हॅरिसन. बीटल्समधला. वचप्याची शिफारस ज्याच्यावर वचपा काढायचाय त्यानंच केली!

मग भोळे. लेनन-मॅकार्टनी आणि भोळे! त्या वर्षी ते गाणी वाटत सुटले होते. बिली जे. क्रेमरला 'बॅड टू मी' दिलं, ते ऑगस्ट ६३ मध्ये नंबर वन. पीटर अँड गॉर्डनला 'अ वर्ल्ड विदाउट लव्ह' दिलं, ते ६४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे नंबर वन. पुढे तर मॅकार्टनीनं याच जोडीला 'वुमन' नावाचं गाणं दिलं ते बर्नार्ड वेब या खोट्या नावानं, का तर आपल्या नावाशिवाय ते चालतं का बघायला. हा भोळेपणा नव्हे, हा धंदा आहे आणि थोडी मस्तीही आहे.

इथे मला एक गोष्ट नाइलाजानं मान्य करायला लागतेय. स्टोन्सना मिळालेलं गाणं काही फार भारी नव्हतं, आणि हे देणाऱ्यांना माहीत होतं. लेननच म्हणतो की ते आमच्या दृष्टीनं किरकोळ होतं, आम्ही त्यांना काही थोर थोडंच देणार होतो. एकीकडे रिंगोला दिलं, दुसरीकडे स्टोन्सना. म्हणजे उदारपणाची गोष्ट करून सांगणारेही जरा दमानं घ्या. पण किरकोळ गाणं दिलं म्हणून घेणारा चोर होत नाही. आणि घेणाऱ्यानं त्याचं काय केलं ते ऐका ना एकदा. बीटल्सनी गायलेलं म्हणजे रिंगोचं हसतखेळत चाललेलं काम, पार्टीत सगळ्यांनी मिळून ओरडावं तसं. स्टोन्सचं ऐका, त्यांचा ब्रायन जोन्स गिटारच्या तारांवर स्लाइड (बोटात घालायची नळी) असा काही घासतो की तेच दोन ओळींचं गाणं अंगावर येतं. शब्द तेच, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे कुठल्यातरी वेगळ्याच गल्लीतलं आहे.

नेमकं उलटंही होतं कधी कधी. १९६९ मध्ये मॅकार्टनीनं 'कम अँड गेट इट' लिहिलं, एकट्यानं सगळी वाद्यं वाजवून तासाभरात डेमो केला आणि बॅडफिंगर या बँडला सांगितलं की हे जसंच्या तसं वाजवा, काही बदलू नका. त्यांनी तसंच वाजवलं, ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरला गेलं. दोन्ही पद्धती चालतात. भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं कारण त्या मुलीनंही फोनवर गाऊन पाठवलंय, आणि ते तसंच ठेवायचं की फिरवायचं हा खरा वाद घालण्यासारखा विषय आहे, चोरीबिरी नाही.

दोन वर्षं बीटल्सच्या गाण्यांवर जगले हा मुद्दा. अर्धा खरा आणि म्हणून जास्त वैताग आणणारा. स्टोन्स सुरुवातीला दुसऱ्यांची गाणी गात होते, हो. 'नॉट फेड अवे' बडी हॉलीचं. त्यांचा खरा पहिला नंबर वन, जुलै १९६४ चा 'इट्स ऑल ओव्हर नाऊ', हा बॉबी आणि शर्ली वोमॅक यांचा. त्याच वर्षअखेरचा 'लिटल रेड रूस्टर' विली डिक्सनचा. अख्ख्या पहिल्या एलपीवर स्टोन्समधल्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स या जोडीच्या नावानं एकच गाणं आहे. पण या यादीत लेनन-मॅकार्टनी किती वेळा दिसतात? एकदा. ज्यांच्या जिवावर जगले म्हणायचं ते अमेरिकेतले ब्लूजवाले आणि रॉकवाले, बहुतेक काळे, त्यांचं पोस्टमध्ये नावसुद्धा नाही. आणि हाच नियम बीटल्सना लावा बघू. त्यांच्या पहिल्या एलपीवर चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची, दुसऱ्या एलपीवरही सहा, त्यात चक बेरी आहेच. एकाच वर्षात दोन्ही बँड एकाच माणसाची गाणी गातायत, मग एक चोर आणि दुसरा साधू कसा?

त्या कोपऱ्यातल्या प्रकाराचा परिणाम पोस्टवाल्याला कळलाच नाहीये. लेनन म्हणतो की डोळ्यांसमोर गाणं पुरं होताना बघून मिक आणि कीथला वाटलं, हे इतक्या सहज करतात तर आपणही करून बघू. ओल्डहॅमही मागे लागलाच होता. आणि त्यांनी लिहिलेली सुरुवातीची गाणी चालली कुणाच्या आवाजात? दुसऱ्यांच्याच! जीन पिटनीनं एक गायलं, ६४ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलं. मग 'ॲज टिअर्स गो बाय' मेरिॲन फेथफुलनं गायलं. स्वतः लिहिलेलं स्वतः गाऊन ब्रिटनमध्ये नंबर वन व्हायला त्यांना १९६५ चा 'द लास्ट टाइम' उजाडावा लागला, आणि त्याचीही चाल एका जुन्या गॉस्पेल गाण्याला (चर्चमधलं भक्तिगीत) लागून आहे, पण ते आता उकरत नाही, बेसवाल्याच्या हातात कोलीत नको.

तोंड बघत नव्हते म्हणे. १९६७ मध्ये स्टोन्सच्या 'वी लव्ह यू'मध्ये मागे लेनन आणि मॅकार्टनी गातायत, त्याच वर्षी बीटल्सच्या 'ऑल यू नीड इज लव्ह'च्या थेट प्रक्षेपणात जॅगर खाली बसून टाळ्या वाजवतोय. लेनन नंतर स्टोन्सबद्दल कडू बोलला, मॅकार्टनीनं २०२१ मध्ये त्यांना ब्लूजची गाणी वाजवणारा बँड म्हणून डिवचलं, हे आहे. आणि २०२३ च्या स्टोन्सच्या अल्बमवर एका गाण्यात बेस कुणी वाजवलाय? त्याच मॅकार्टनीनं.

हे सगळं मी भाच्याला रात्री एक वाजेपर्यंत व्हॉइस नोटवर सांगितलं, बायको आतून ओरडली तरी. सकाळी त्याचा मेसेज, "बेसवाला तयार झालाय, पण विचारतोय पोस्टरवर तिचं नाव टाकायचं म्हणजे नेमकं कुठे?"

म्हटलं, गाण्याच्या नावाच्या खाली, कंसात. डेक्कानं टाकलं होतं तसं. आणि आधी तिला विचार, स्पेलिंग कसं लिहिते ते.