'विसरतोय हे कळतंय ना, मग अल्झायमर नाही' म्हणे!

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. फ्रान्सच्या कुठल्याशा प्रोफेसरच्या नावानं, की साठीनंतर विसरायला झालं तर घाबरू नका, ज्याला आपण विसरतो हे कळतं त्याला अल्झायमर नसतोच, आणि खाली कोडं, ओ च्या गर्दीत सी शोधा, सापडला की डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल करा!

पहिला मुद्दा. ह्यात अर्धं खरं आहे म्हणूनच तो लोकांना पटतो. आजार वाढला की बऱ्याच पेशंटना आपलं काही बिघडलंय हेच उमगत नाही, बरोबर. पण ते बहुतेक वेळा पुढचं झालं, सुरुवातीला कित्येकांना घरच्यांच्या आधी स्वतःलाच जाणवतं. टेस्टमध्ये सगळं नॉर्मल पण माणूस म्हणतोय पहिल्यासारखं राहिलं नाही, ह्याला डॉक्टर लोकांनी सब्जेक्टिव्ह कॉग्निटिव्ह डिक्लाइन असं नावच दिलंय, 2014 मध्ये त्याचे निकष पण ठरवले. अशा लोकांच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, सरासरी जरा बारीक दिसल्याचं काही अभ्यासांत आलंय. आणि अल्झायमरमधलं अमायलॉइड नावाचं प्रोटीन मेंदूत साठायला लागतं ते लक्षणांच्या 15-20 वर्षं आधीपासून. मग तक्रार करतोय तो ठणठणीत, हे कुठलं लॉजिक?

आता उलटं टोक पण नको बाबा. 2014 च्याच एका मोठ्या आढाव्यात अशी तक्रार असलेल्या 100 जणांत वर्षाला साधारण 2.3 जणांना डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच एक) झाला, तक्रार नसलेल्यांत 1. दुप्पट आहे, पण बहुतेकांना काही झालं नाही हे पण त्यातच आलं.

सी शोधायचं कोडं? ते नजर आणि लक्ष बघतं हो, आठवण कुठं बघतं.

आणि अपॉइंटमेंट कॅन्सल करा हे तर लई डेंजर. बी12 कमी, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, ह्यानं पण विसरायला होतं आणि ह्यातलं बरंच उपचारानं सुधारतं, पण दाखवल्याशिवाय कळणार कसं? राजारामपुरीत गल्लीचा नंबर चुकला तर चालतंय, पण चाळीस वर्षं राहिलेल्या स्वतःच्या गल्लीत घर सापडेना झालं तर तो मेसेज बाजूला ठेवा आणि घरच्या कुणाला तरी घेऊन जा, कारण डॉक्टर त्यांना पण विचारतात.

आमच्या मामांना सी दोन सेकंदांत सापडला. खूश होऊन मला फॉरवर्ड केला, त्या दिवशी तिसऱ्यांदा.